अठ्ठेचाळीस म्हणजे मान

पोळा होऊन गेला होता. ओसरीवर बसून मी गवार मोडत होते आणि आई खाटेवर आडवी होती. मला वाटलं, डोळा लागला तिचा. तेवढ्यात छताकडे तोंड करून ती म्हणाली, "ते खोडरबराचं यंत्र कुठं आहे गं? टीव्हीले लावायचं?"

"माळ्यावर. काहून?"

"काढ खाली. मले हंस पाहायचा आहे."

मी गवार मोडत राहिले. ऐंशी ओलांडलेल्या बाईने भर दुपारी हंस मागितला तर लगेच उठायचं नसतं, थोडं थांबायचं असतं. बहुतेक वेळा मागणं आपोआप उतरत उतरत चहावर येतं. हे उतरलं नाही. "ऐकू आलं का? हंस म्हटलं मी," ती पुन्हा म्हणाली, आणि मी टोपली बाजूला सारून शिडी शोधायला उठले.

खोडरबराचं यंत्र म्हणजे आमचा जुना घरगुती कॉम्प्युटर. शाळेच्या पाटीएवढा, काळा, खोडरबरासारख्या मऊ करड्या बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता, टीव्हीला जोडावा लागे. मी शाळेत असताना बाबांचे एक मित्र परदेशातून आले, त्यांनी मुलांसाठी म्हणून तो आणला. मुलं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. काही दिवस आम्ही त्याच्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या, मग त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा तो आईने घेतला.

कसा घेतला ते मला स्वच्छ आठवतं, म्हणजे त्या दुपारींमधलं काही जितकं स्वच्छ आठवू शकतं तितकं. रायपूरचा उन्हाळा, कूलरची घरघर, खसाचा ओला वास, बंद खिडकीच्या फटीतून फरशीवर पडलेली उन्हाची एक रेघ. ती रेघ हळूहळू सरकायची आणि तिच्याबरोबर आम्ही सतरंजी सरकवायचो. दुपारी टीव्हीवर काही नसे, म्हणून टीव्ही आमचा. आई पाटावर बसून दसुतीवर तोरण भरत होती. दसुती म्हणजे ते जाळीसारख्या विणीचं कापड, ज्याची घरं मोजून फुल्यांचे टाके घालतात. मी तिला फुशारकी मारत सांगत होते, की या यंत्रात चित्र काढायचं तर आठ घरं आडवी, आठ घरं उभी, कुठलं भरायचं, कुठलं रिकामं सोडायचं, आणि प्रत्येक ओळीचा एक आकडा. आईने सुई कापडात टोचून ठेवली.

"अवं, ही तर दसुतीच आहे," ती म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून दुपारी यंत्र तिचं. पहिल्या घराचे एकशे अठ्ठावीस, दुसऱ्याचे चौसष्ट, मग बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. जी घरं भरायची त्यांची बेरीज केली की ओळीचा आकडा तयार. पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या बाईला त्याचं काय अवघड! बघता बघता ती कागद न घेता आकडे बोलू लागली. तिसरं आणि चौथं घर भरलं की अठ्ठेचाळीस. तिच्या हंसाची मान दोन घरं रुंद आणि सरळ उभी, म्हणून अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. "अठ्ठेचाळीस म्हणजे मान," असं ती भाजी परततानाही पुटपुटायची. पाहुण्यांना वाटायचं, कसलंसं स्तोत्र आहे.

हंस आधी पडद्यावर व्हायचा, मग कापडावर. चोच थोडी खाली घे, शेपूट जरा उचल, असं ती स्वतःशीच बोलत आकडे बदलायची. पडद्यावर उसवायला लागत नाही, याचं तिला फार अप्रूप होतं. आणि मधेच लाईट जायची! तेव्हा ती रोज जायची. लाईट गेली की हंस गेला, कारण बंद पडलं की त्या यंत्राला काही म्हणजे काही आठवत नसे. कॅसेटवर साठवता यायचं, पण घरच्या कॅसेटांवर भजनं होती, आणि त्यांच्यावर यंत्राच्या आकड्यांची कर्कश किरकिर भरायला आई तयार नव्हती. "मले पाठ आहे ना, मग त्याले कायले पाठ करायला लावायचं?" असं म्हणून ती पदराने वारा घेत बसायची, आणि लाईट आली की चोचीपासून सुरुवात करायची.

आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, कितीतरी पोरी तिच्या हंसांचं तोरण घेऊन सासरी गेल्या. मग बाबा गेले. नवीन टीव्ही आला, त्याला यंत्र जोडता येईना, आई पुन्हा कागदावर घरं मोजू लागली आणि यंत्र लुगड्याच्या तुकड्यात बांधून माळ्यावर गेलं. तरी दरवर्षी खंडेनवमीला ते खाली यायचं. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो, तशी आमच्याकडे कात्री, सुयांचा डबा, माझा मल्टिमीटर, स्कूटर आणि हे यंत्र, सगळे एका रांगेत. आई त्याला पुसायची, हळदकुंकू लावायची, फुलाने पाणी शिंपडायची, अक्षता टाकायची आणि परत वर पाठवायची. बंद पडलेल्याचीही पूजा करायची असते, असं तिचं म्हणणं. मी शहराबाहेर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट विभागात जन्म काढला. तिथेही विश्वकर्मा पूजेला आम्ही पॅनेलला कुंकू लावायचो. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

आता हंस कशाला हवा, ते सांगते. आईच्या डोळ्यांच्या पडद्याला मधोमध झीज लागली आहे. कडेचं दिसतं, मधलं पुसलं जातं. माणूस दिसतो, चेहरा दिसत नाही. काही पाहायचं असलं की ती कोंबडीसारखी मान वाकडी करून कडेने पाहते. इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, जे आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण मधलं हळूहळू आणखी पुसट होईल. घरी आल्यावर तिने सुयांचा डबा बंद केला आणि कपाटात ठेवला.

माझा भाऊ नवा रायपुरात राहतो, मंत्रालयात नोकरी. तिकडून यायला वेळ लागतो, म्हणून रविवारीच येतो. त्याने आईसाठी मोठा टॅबलेट आणला. "आई, ह्याच्यात सब कुछ बडा करून दिसतं. बोटानं असं खेच." आईने खेचलं. हंस खेचता खेचता कुठल्या कुठे गेला. "नुसती काच आहे रे बाप्पा," ती म्हणाली, "बोट कुठं ठेवलं तेच समजत नाही." त्या रात्री... नाही, दुसऱ्या दिवशी दुपारीच तिला ते यंत्र आठवलं. त्याची बटणं तिच्या बोटांना माहीत होती. आणि त्याचे चौकोन मोठे करता येतात, हेही तिच्या लक्षात होतं.

"दसऱ्यापर्यंत कर," ती मला म्हणाली. "अजून कडेकडेनं दिसून राहिलं. एकदा हंस मोठ्ठा करून पाहून घेते. मग गेलं तर गेलं."

असं कोणी सांगितल्यावर काय करणार! मी बाबांच्या जुन्या टेबलावर लुगड्याची गाठ सोडली.

आत सिलतऱ्याच्या भट्ट्यांची काळी भुकटी होतीच. ती आमच्या गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या पापडांवर, सगळीकडे असते, मग माळ्यावर का नसेल? ब्रशने झाडली. ॲडॅप्टर तपासला तर करंटच नाही. वायर पिनेपाशी आतल्या आत तुटली होती. ती नवी जोडली. मग यंत्र उघडलं. गोल डबीसारखे कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकून जातात, ते बदलायला हवे होते. बाजारातल्या दुकानदाराने बोर्ड पाहिला आणि हात जोडले. "दीदी, इसको अजायबघर में दे दो." मी म्हटलं, भैया, अजायबघरात माझी आई राहत नाही, तू कपॅसिटर दे. तो हसला आणि त्याने डबे उपसून काढून दिले.

त्या दुपारी मला आता एकमेकींत मिसळलेल्या आठवतात. सोल्डरिंगचा गोडसर धूर, पंख्याचा एकसुरी आवाज, मागच्या गल्लीत भाजीवालीची हाक, आणि खाटेवरून येणारे आकडे. आई उजळणी करत होती. "चोवीस... साठ... एकशे दोन..." मधेच झोपायची आणि जागी झाली की जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे म्हणायची. मी कधी कधी इस्त्री हातात धरून नुसतीच ऐकत बसायचे. सोल्डरिंगच्या सळईला आम्ही प्लांटमध्ये इस्त्रीच म्हणायचो. मला वाटायचं, मी अजून सतरंजीवर पालथी पडले आहे, कूलर चालू आहे आणि मधली सगळी वर्षं ही एक लांबलेली दुपारची झोप होती. मग इस्त्रीचा चटका बसायचा. "आई गं!" "काय झालं?" "काही नाही, तू म्हण."

नवीन टीव्हीला त्या यंत्राची जुनी वाट कळत नव्हती. म्हणून आतली एक पेटी वगळून चित्राची तार सरळ टीव्हीच्या पिवळ्या खाचेत नेली. पहिल्यांदा पडदा काळा. मग नुसते पट्टे. एक सांधा पुन्हा डागला, एक चिप काढून पाय घासून परत बसवली, आणि एका दुपारी सबंध पडदा पांढरा झाला, खाली यंत्राची एक ओळ.

"उजेड आला का गं?" आईने खाटेवरून विचारलं.

"आला! आला ना!" मी एवढ्या जोरात ओरडले, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

पण माझा आनंद दोन घटका टिकला. बटणं तपासायला बसले. अक्षरं उमटत होती, सहा, सात, आठ, नऊ आणि शून्य उमटत होते. एक, दोन, तीन, चार, पाच? ढिम्म. पाचही मेलेले. नेमके आकडेच! बाकी काहीही चालतं आणि हंसापुरतं यंत्र बंद. चारचं बटण नाही तर अठ्ठेचाळीस कुठून आणायचे? मी त्या यंत्राला अशा काही शिव्या घातल्या, ज्या सिलतऱ्याच्या शिफ्टमध्येच शिकायला मिळतात. आई म्हणाली, "त्याले काहून बोलते? म्हातारं आहे ते."

बटणांखाली प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्याच्यातून तारेऐवजी छापील रेघा जातात आणि एका चपट्या शेपटीने खालच्या बोर्डात शिरतात. मी वरचा काळा पत्रा सोडवला, पापुद्रा उचलला आणि शेपूट जिथे खाचेत शिरते तिथे टॉर्च धरली. खाच लाल होती. गंज असेल म्हणून नखाने खरवडलं, तर नखाला पिवळं लागलं. वास घेतला. हळद.

हळद, कुंकू आणि खाचेच्या कोपऱ्यात रुतलेला अक्षतेचा एक दाणा! मी हातात टॉर्च धरून तशीच बसून राहिले. एकेक खंडेनवमी डोळ्यांपुढून गेली. आई यंत्राच्या वरच्या कडेला कुंकू लावायची, कारण तिच्या हिशोबाने तेच त्याचं कपाळ. त्याच कडेखाली ही खाच. कुंकवात चुना असतो, वरून फुलाने शिंपडलेलं पाणी. वर्षानुवर्षं ते झिरपत राहिलं आणि तांब्याला हिरवं करत राहिलं. गड्याला दुसरं काही झालंच नव्हतं, पूजा झाली होती. मला आधी हसू फुटलं, मग मी तो दाणा नखाने काढून तळहातावर घेतला. जिच्या हंसासाठी हे चाललं होतं, तिनेच ओल्या बोटाने, डोळे मिटून, दरवर्षी त्याचे आकडे पुसले होते.

"काय झालं होतं त्याले?" आईने विचारलं.

"म्हातारपण. दुसरं काय?"

"माझ्यावाणीच म्हण की," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

खाच स्पिरिटने घासून साफ झाली. शेपटीचं टोक मात्र गेलं होतं, छापील रेघा खाल्ल्या गेल्या होत्या. उपाय एकच होता. खराब टोक कात्रीने कापायचं आणि उरलेली शेपूट पुन्हा खाचेत बसवायची. पण ती आधीच आखूड, आणि इतकी वाळलेली, की वाकवताना मोडली तर संपलं. नवीन पापुद्रा बाहेरदेशातून मागवला होता. तो कुठल्या विमानतळावर कुणाच्या तपासणीत अडकला होता, देव जाणे. त्याची वाट पाहायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

मग एका सकाळी मी दारात उभी होते, पाठीमागे ऊन. आई ओसरीवरून माझ्याकडे मान वाकडी करून पाहत राहिली आणि परक्याला विचारावं तसं म्हणाली, "कोण आहे जी? पोट्टी घरात नाही, बाजारात गेली."

मी म्हटलं, "मीच आहे, आई." ती हसली, "हव, तूच तर आहेस," म्हणाली, जसं काही झालंच नाही. मी आत गेले, तिची दसुतीची बारीक कात्री काढली आणि शेपटीचं टोक कापलं.

शेपूट खाचेत सरकवताना मी श्वास धरला होता. जवळच चहाचं आधण गरम होतं, त्याच्या वाफेवर ती जरा मऊ करून घेतली, पापड वाकवताना करतो तशी. गेली आत. एक दाबला. पडद्यावर एक. दोन, तीन, चार, पाच. चार जरा नखरे करत होता, दोनदा दाबावा लागायचा, पण उमटत होता.

मोठे चौकोन दाखवायचा छोटा प्रोग्रॅम मी लिहून मोबाईलमध्ये आवाजाच्या रूपात भरून ठेवला होता. कॅसेटऐवजी मोबाईल वाजवायचा, यंत्र ऐकून घेतं. ती जुनी किरकिर घरात भरली तसं आईने कपाळाला हात लावला, "हेच! हेच वाजायचं!" तिला टीव्हीसमोर खुर्चीत बसवलं, यंत्र मांडीवर दिलं. तिची बोटं बटणांवरून फिरली आणि थबकली नाहीत. चोच, डोकं, मग अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. पडद्यावर बिस्किटाएवढे काळे चौकोन एकेक करून भरत गेले. चार अडकला तिथे मी तिच्या बोटावर बोट ठेवून दाबला. हंस पूर्ण झाला. आईने मान इकडे केली, तिकडे केली. टीव्हीचा उजेड तिच्या गालावर पडला होता.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला हो," ती म्हणाली. "केवढा मोठ्ठा झाला!"

मी चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि पोटभर रडले. लपवायचं काय त्यात!

खंडेनवमीला तिने सगळी मांडामांड स्वतः चाचपून केली. कात्री, सुयांचा डबा, माझी इस्त्री, स्कूटरची किल्ली, आणि या वर्षी पहिल्यांदाच जिवंत यंत्र, टीव्हीवर हंस असलेलं. पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन तिचा हात यंत्राच्या वरच्या कडेकडे गेला. मी मनगट धरलं.

"तिथं नको लावू."

"ठाऊक आहे मले," आई म्हणाली. "हळदीचा वास मले तवाच आला होता, तू घासून राहिली होती तवा. म्हणे म्हातारपण!" ती मनापासून हसली. मग जरा वेळाने, "मीच मारलं का गं त्याले?"

"लाडानं मारलंस. आता जिवंत आहे ना? मग?"

तिने बोट माझ्या इस्त्रीच्या मुठीला पुसलं, आणि तेवढ्यात लाईट गेली. टीव्ही विझला. हंस गेला. आम्ही दोघी जुन्या सवयीने एकदमच म्हणालो, "गेला!" आई पदराने वारा घेत बसली. लाईट आली तशी मी मोबाईल वाजवला आणि कुंकू सांडू नये म्हणून ताम्हन उचलून आत ठेवायला गेले. परत आले तेव्हा आई भराभर आकडे मारत होती. तिचं तोंड टीव्हीकडे नव्हतंच. ती खिडकीकडे तोंड करून, ओठांत पुटपुटत, बटणं दाबत होती. हंस पुरा झाला तेव्हा वळली, मान वाकडी केली आणि म्हणाली, "पाहा, कसा डौलात बसला आहे!"

पडद्यावरच्या हंसाची मान तुटलेली होती. मधल्या एका ओळीत चार उमटला नव्हता. अठ्ठेचाळीसच्या जागी नुसते आठ पडले होते, आणि एक काळा चौकोन, चांगला बिस्किटाएवढा, भलतीकडे जाऊन बसला होता. तो कुणालाही दिसला असता.

मी गप्प राहिले. मला गप्प राहायची सवय नाही, त्यामुळे तिला लगेच कळलं.

"काहून गं? चुकलं का कुठं?"

"मान तुटली आहे, आई."

"मग सांगायचं ना."

"त्या दिवशी दिसला होता ना तुला?"

आईने यंत्र मांडीवर सरळ केलं. "नाही गं माय. उजेड दिसला. काळं काहीतरी हललेलं दिसलं. तू इतके दिवस धूळ खात, चटके खात बसली होती त्याच्यापाशी, मग काय नाही म्हणू?"

मला राग आला. तिच्यावर नाही, डॉक्टरवर नाही, त्या यंत्रावरही नाही. उशीर झाला याचा राग आला. कुणावर काढणार तो! मी भांडी आपटली, ओसरीत जाऊन उभी राहिले, परत आले. आई तशीच बसली होती, आणि चारचं बटण हलक्या हाताने दाबून दाबून त्याची नाडी पाहत होती. "मले पाठ आहे तो," ती म्हणाली. "मले पाहायची काय गरज? तू पाहा. कपाटातून दसुती काढ, सुई काढ आणि त्याच्याकडे पाहून भर."

"मी? मी जन्मात बटण टाचलं नाही नीट."

"इस्त्री धरता येते, सुई धरता येत नाही? बस चुपचाप."

दिवाळीनंतरच्या दुपारी अशा गेल्या. टीव्हीवर बिस्किटाएवढे चौकोन, माझ्या हातात दसुती, आणि खाटेवर आई. मी घरं मोजताना चुकायचे, मोठ्याने चिडायचे, उसवायचे. ऊन फरशीवर सरकायचं. लाईट गेली की आई उठून बसायची आणि आली की सगळा हंस पुन्हा भरून द्यायची, आता चार नीट दाबून. यंत्राला दर वेळी विसरायचं होतं आणि तिला दर वेळी आठवायचं होतं, आणि मधे मी, बोटांना टोचून घेत. माझ्या पन्नाशीत आईने मला पहिल्यांदा दसुती शिकवली, तीही न पाहता.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास हंस झाला. वेडावाकडा, एकीकडे ताणलेला, मागच्या बाजूला गाठींचं रान. भाऊ आला होता, तो हसत म्हणाला, "ताई, ये तो बत्तख है." मी त्याला दिसेल ते फेकून मारणार होते. आईने हात पुढे केला. "दे इकडं."

तिने कापड मांडीवर पसरलं आणि डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट चोचीवर ठेवलं. लाल धाग्याच्या फुल्या कापडावर उठून आल्या होत्या. मी घातलेली एकेक फुली तिच्या बोटाखालून जात होती. चोच, डोकं, डोळ्याचं रिकामं घर. तिचे ओठ हलत होते. चोवीस, साठ, एकशे दोन. मग मान. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. बोट थांबलं, मागे आलं, परत तिथेच थांबलं.

"इथं एक टाका सुटला," आई म्हणाली.

मी चष्मा लावून वाकून पाहिलं. सुटला होता. मला इतक्या दिवसांत दिसला नव्हता.

"पोट्टे, मानेतच कसा सोडला?" ती म्हणाली. बोट पुढे सरकलं, पंखांवरून, शेपटीपर्यंत गेलं आणि परत चोचीशी आलं. तिने डोळे उघडलेच नाहीत. "आता दिसला मले. घे, तेवढा टाका भर."